बारा मैलांपलीकडचे दिवे

मालवणच्या घरात पाहुणा आला की ताटात सुरमई पडते, पापलेट पडतो, अगदीच नाही तर सरंगा. वाकटी कोणी वाढत नाही. लांबच लांब, चपटा, चकचकीत, अंगावर खवला नाही आणि तोंडभर दात, असा हा मासा. कुठे वाकटी, कुठे बळा, गोव्याच्या बाजूला बाळे. तो कापायचा, मीठ लावून उन्हात घालायचा आणि दर्या बंद झाल्यावर निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर खायचा, एवढीच त्याची प्रतिष्ठा. आज हाच मासा बंदरावर उतरला की व्यापारी आधी त्याच्याकडे वळतो. आकार बघतो, अंगावरची चकाकी खरचटली नाही ना हे बघतो, मोठा माल वेगळा काढून बर्फात घालतो. तिथून तो रत्नागिरीच्या, गोव्याच्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यात जातो, गोठतो, खोक्यात भरला जातो आणि चीनला रवाना होतो.

बीजिंगमध्ये या माशाला आठवणींचा भाव आहे. रेशनच्या दिवसांत उत्तर चीनमधल्या शहरांना ताजा समुद्री मासा मिळणे कठीण होते. वसंतोत्सवाच्या, म्हणजे त्यांच्या नववर्षाच्या सुमारास कुपनांवर जो गोठवलेला मासा मिळे तो बहुधा हाच. कडाक्याच्या थंडीत रांगेत उभे राहून आणलेला, तुकडे करून तळलेला, मग सोया सॉसमध्ये शिजवलेला. ती पिढी आता सत्तरीत आहे आणि तिच्या नातवंडांच्या ताटातही नववर्षाला हा मासा हवाच असतो. आपला मासेमारीचा हंगाम ऑगस्टमध्ये उघडतो, त्यांचे नववर्ष जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत येते. मधले महिने व्यापाऱ्याच्या धावपळीचे. वाकटीचा मोठा साठा उतरतो तो गुजरातेत वेरावळ-पोरबंदरकडे. आपला सिंधुदुर्ग त्या मानाने चिमूटभर. पण भाव ठरतो तो एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण मालवणच्या दांडी किनाऱ्यावर नाही.

चीन म्हटले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली वैद्यकीय पथकातून गेलेले आणि १९४२ च्या डिसेंबरात, बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारलेले. मग १९६२ आठवते, मग गलवान. पण ज्या चीनशी मालवणच्या खलाशाचा रोजचा संबंध येतो तो ना मित्र ना शत्रू. तो एक प्रचंड गिऱ्हाईक आहे आणि त्याच वेळी एक प्रचंड दुकानदार. तो मासा विकत घेतो आणि मासा पकडायचे सामान विकतो. या दोन व्यवहारांच्या मध्ये आपला १२१ किलोमीटरचा किनारा सापडला आहे.

गिऱ्हाईक केवढे मोठे, हे आकड्यांतून पाहावे लागेल. २०२३-२४ मध्ये भारताने १७ लाख ८१ हजार टन समुद्री उत्पादने परदेशी पाठवली, किंमत सुमारे ६०,५२३ कोटी रुपये. पैशात पहिली अमेरिका, पण वजनात पहिला चीन. एकट्या चीनने साडेचार लाख टन उचलले. अमेरिकेला मुख्यतः तलावात वाढवलेली कोळंबी लागते. चीन कोळंबीही घेतो आणि शिवाय वाकटी घेतो, म्हाकूल घेतो, ढोमी घेतो, खेकडे घेतो, आणि जे माणसाच्या पोटात जात नाही त्याची कुटीही घेतो. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराच्या दृष्टीने हे ‘शिवाय’ महत्त्वाचे. कोळंबीचे तलाव आंध्रात आहेत. समुद्रातून ओढून काढलेल्या मालाला जो नवा ग्राहक मिळाला तो चीनचा.

हा ग्राहक लहरीही आहे. २०२० च्या अखेरीस गोठवलेल्या मालाच्या वेष्टनावर करोनाचे अंश सापडल्याचे सांगून चीनने भारतीय कारखान्यांकडून खरेदी थांबवायला सुरुवात केली. असे ९९ कारखाने अडकले आणि त्यांच्यावरची बंदी उठायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. उलट ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा आयात कर ५० टक्क्यांवर नेला, तेव्हा निर्यातदारांच्या तोंडी पुन्हा चीनचेच नाव आले. या घडामोडी वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर छापून येतात. बंदरावर पोहोचतो तो फक्त भाव. कधी चढलेला, कधी पडलेला. तो का, हे लिलाव पुकारणाऱ्यालाही माहीत नसते.

चीनला आपल्या समुद्रातला मासा का लागतो? त्याला १४ हजार किलोमीटरहून अधिक लांबीचा स्वतःचा किनारा आहे. शांघायच्या दक्षिणेला झोउशान नावाचा बेटांचा पुंजका आहे, जगातल्या सर्वांत श्रीमंत मासेमारी क्षेत्रांत गणला जाणारा. तिथे चार मासळ्यांना मान होता: मोठा पिवळा ढोमा, छोटा पिवळा ढोमा, वाकटी आणि कटलफिश, म्हणजे आपल्या म्हाकुलाचा भाऊबंद. चिनी कोळ्यांचे सारे वर्ष या चौघांभोवती फिरे.

मोठ्या पिवळ्या ढोम्याची गोष्ट मालवणात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ढोमीच्या कुळातल्या माशांच्या डोक्यात दगडासारखे कठीण कण असतात. जुन्या काळापासून दक्षिण चीनमध्ये एक पद्धत होती. बऱ्याच होड्या मिळून माशांच्या थव्याला वेढा घालायच्या आणि होड्यांना बांधलेले लाकडी ठोकळे एका तालात बडवायच्या. त्या नादाने माशांच्या डोक्यातले कण कंप पावत, मासा बधिर होऊन वर तरंगे. मोठा, लहान, पिल्लू, सगळेच वर येत. १९५० च्या दशकात, उत्पादन वाढवा या घोषणेच्या दिवसांत, ही पद्धत झपाट्याने पसरली. पुढे सरकारने ती बंद केली, पण तोवर यांत्रिक बोटी आल्या होत्या. १९७४ च्या सुमारास झेजियांगच्या बोटींनी या माशाच्या हिवाळी मुक्कामाची खोल पाण्यातली जागा शोधून काढली आणि हजारो बोटी तिथे तुटून पडल्या. त्या वर्षी जवळपास दोन लाख टन मासा निघाला. तो उच्चांक ठरला. पुढच्या काही वर्षांतच हा मासा समुद्रातून संपल्यात जमा झाला. आज चिनी ताटात दिसणारा मोठा पिवळा ढोमा फुजियान प्रांतातल्या निंगदेजवळच्या पिंजऱ्यांत वाढवलेला असतो. जंगली मासा कधी चुकून हाती लागला तर त्याची बातमी होते.

चौघांपैकी तग धरला तो वाकटीने. चीनच्या बोटी अजूनही वर्षाला नऊ-दहा लाख टन वाकटी काढतात, पण मासा लहान होत गेला आहे. वयात येण्याआधीच जाळ्यात सापडतो. मोठ्या, जाड पाठीच्या वाकटीसाठी व्यापारी बाहेर बघतो, आणि त्याची नजर अरबी समुद्रावर येते.

आता ज्याने स्वतःचा समुद्र असा झिजवला त्या देशाने काय केले? दोन गोष्टी केल्या, एकमेकींच्या विरुद्ध. एकीकडे १९९५ पासून पूर्व चीन समुद्रात आणि पीत समुद्रात, १९९९ पासून दक्षिण चीन समुद्रातही उन्हाळी मासेमारीबंदी आणली. ती वाढत वाढत आता साडेतीन-चार महिन्यांवर गेली आहे. दक्षिणेकडे साधारण १ मे ते १६ ऑगस्ट. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्याची केंद्रीय बंदी ६१ दिवसांची, १ जून ते ३१ जुलै, आणि तिच्यावरही दरवर्षी कुरकुर. मासळीची शेती तर चीनने अशी वाढवली की आज वर्षाच्या सुमारे सात कोटी टन उत्पादनातला चार-पंचमांश वाटा पाळलेल्या माशांचा आहे. १९८५ मध्ये मासळीचे सरकारी भाव उठवून ती बाजारावर सोडली, हे त्या वाढीचे मोठे कारण. माओनंतरच्या सुधारणांत मासळी फार लवकर मोकळी झाली, धान्य कितीतरी उशिरा.

दुसरीकडे, त्याच १९८५ च्या मार्चमध्ये १३ बोटींचा एक ताफा फुजियानच्या मावेई बंदरातून पश्चिम आफ्रिकेकडे निघाला. चीनच्या दूरच्या समुद्रातल्या मासेमारीची ती सुरुवात. आज त्या ताफ्याइतका मोठा ताफा जगात कुणाकडेच नाही, आणि त्याच्या डिझेलला सरकारी अनुदानाची ऊब मिळत आली. घरात माशाला विश्रांती, बाहेर मोकळे रान. म्हणून चीनच्या मत्स्यधोरणाचे कौतुक ऐकले की मला हा दुसरा अर्धा भाग लगेच आठवतो. अर्थात डिझेलचा परतावा वेळेवर मिळावा म्हणून आपल्याकडेही मोर्चे निघतात. अनुदान म्हटले की प्रत्येक सरकारला मच्छीमार आठवतो, समुद्र आठवत नाही. माशाच्या अनुदानांना आवर घालणारा करार जागतिक व्यापार संघटनेत जून २०२२ मध्ये झाला. भारताची तक्रार अशी की लाखो छोट्या मच्छीमारांना जगवणारा देश आणि महासागर पालथे घालणारा देश यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. तक्रार खरी आहे. फक्त तिच्या आडोशाला आपले मोठे बोटवालेही उभे असतात.

ते चिनी ताफे आपल्यापासून फार दूर नाहीत. अरबी समुद्राच्या वरच्या भागात, कुठल्याच देशाची हद्द नाही अशा पाण्यात, म्हाकुलासाठी येणाऱ्या बोटी २०१५ मध्ये तीसेक होत्या. २०१९ पर्यंत त्या पावणेतीनशेच्या घरात गेल्या, आणि त्यांत बहुतेक चिनी. त्या भागात म्हाकुलाच्या मासेमारीला कुणाचा नियमच नव्हता. जून २०१९ मध्ये ‘वायू’ वादळ उठले तेव्हा दहा चिनी बोटींनी रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळ आसरा मागितला आणि तटरक्षक दलाने तो दिला. दर्यात वादळ असताना आसरा मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, हा नियम कायद्याच्या पुस्तकापेक्षा जुना आहे. कोकणात त्या बातमीची चर्चा मात्र संशयाचीच जास्त झाली: हे इतक्या जवळ करत काय होते? त्या बोटी रात्री प्रखर दिवे लावून म्हाकूल गोळा करतात, इतक्या प्रखर की उपग्रहाच्या रात्रीच्या चित्रात समुद्रात शहर वसल्याचा भास व्हावा.

आणि इथून आपण आपल्या दिव्यांकडे येतो.

थंडीच्या दिवसांत, अंधाऱ्या पंधरवड्यात, तारकर्ली-देवबागच्या किंवा तोंडवळी-तळाशीलच्या पुळणीवर रात्री उभे राहिले की क्षितिजावर पांढऱ्या उजेडाचे पट्टे दिसतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात. गाबीत मच्छीमारांच्या वस्तीतला माणूस त्या उजेडाकडे बघून बोटी मोजतो. ही एलईडी पर्ससीन. मोठ्या बोटीवर जनरेटर, त्याला जोडलेले शक्तिमान दिवे, काही पाण्यावर टांगलेले, काही पाण्याखाली सोडलेले. दिवा लागला की आधी बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे तारली-पेडवे, त्यांच्यामागे बांगडा, म्हाकूल, आणि त्यांना खायला येणारे मोठे मासे. तास-दोन तासांत समुद्राचा एक तुकडा माशांनी गच्च भरतो. मग दुसरी बोट पर्ससीनचे जाळे गोल फिरवून टाकते, खालचा दोर आवळते आणि अख्खा थवा उचलते. त्यात पिल्ले असतात, अंड्यावरची मासळी असते. लहान मासा मारू नये म्हणून २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला. दिव्याला तो आकार वाचता येत नाही. जे अगदीच बारीक निघते ते कुटीच्या कारखान्याला जाते. तिथले पीठ पुन्हा कोळंबीच्या आणि माशांच्या तलावांत खाद्य म्हणून पडते. काही आंध्रात, काही परदेशी.

याच्या शेजारी रापण ठेवून बघा. मालवणच्या किनाऱ्याची ही जुनी पद्धत. होडीतून जाळे अर्धगोल सोडत पुन्हा किनाऱ्याला यायचे, मग दोन्ही दोरांना पन्नास-साठ माणसे लागायची आणि ओढायचे. म्हातारा ओढतो, पोर ओढते, मासळी विकणारी बाई ओढते. निघालेल्या मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, माणसांचे वाटे. रापणीला माशाच्या मागे जाता येत नाही. मासा किनाऱ्याला आला तरच तिला मिळतो. म्हणून बाहेर दिवे लागले की पहिला रिकामा होतो तो रापणकर. बांगड्याचा थवा बाराव्या मैलावरच उचलला गेला, तर दांडीला येणार कोण? किनाऱ्यावर कुणालाही विचारा, ‘मत्स्यदुष्काळ’ हा शब्द त्याच्या तोंडी पहिल्या दोन वाक्यांत येतो.

मासेमारीसाठी वापरायचे हे दिवे एवढे स्वस्त कसे झाले, ही गोष्ट चीनच्या अर्थव्यवस्थेची आहे. निळा प्रकाश देणारा एलईडी बनवला तो जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी. त्यासाठी २०१४ चे नोबेल त्यांना मिळाले. पण दिवा घरोघरी आणि बोटोबोटी पोहोचवला चीनने. २००९ ते २०११ या काळात यांगझोऊ, वुहू अशा शहरांच्या सरकारांनी एलईडीचे स्फटिक वाढवणाऱ्या महागड्या यंत्रांवर घसघशीत अनुदान दिले. एका यंत्रामागे लाखो युआन. प्रत्येक शहराला आपल्याकडे हा उद्योग हवा होता, प्रत्येक स्थानिक पुढाऱ्याला वाढीचा आकडा वर दाखवायचा होता. यंत्रांचा पूर आला, मग मालाचा, आणि भाव कोसळले. पुढे सौर पॅनेलचे तेच झाले, वीजगाड्यांचे तेच चालू आहे. गरजेपेक्षा जास्त कारखाने, मग जगभर स्वस्त माल, मग जगभर ओरड. ग्वांगडोंगमधल्या झोंगशानजवळ गुझेन नावाचे गाव आहे, सगळे गावच दिव्यांच्या धंद्यात. आपल्या बाजारपेठेतल्या दिवाळीच्या माळा अशाच गावांतून येतात.

जून २०२० मध्ये गलवान झाले आणि त्या दिवाळीला चिनी माळांवर बहिष्काराचे फलक लागले. मालवणातही लागले असणार, लागायलाच हवे होते. दारावरच्या चार मीटरच्या माळेवर आपण राग काढला आणि समुद्रात टांगलेल्या हजारो वॉटच्या दिव्यांबद्दल कुणाला राष्ट्रभक्ती आठवली नाही, एवढेच मला बोलायचे आहे. २०२४-२५ मध्ये भारताची चीनकडून आयात ११३ अब्ज डॉलरवर गेली. त्या डोंगरात माळा म्हणजे धूळ. त्यात दिवे आहेत, फिश फाइंडर आहेत, जाळ्यांसाठीचा तंगूस आहे आणि इंजिने आहेत. जादा ताकदीच्या चिनी इंजिनांवर कर्नाटकापासून महाराष्ट्रापर्यंत गेली कित्येक वर्षे ओरड चालू आहे. ही इंजिने बसवलेल्या बोटी ज्या वेगाने जाळे ओढतात त्यापुढे मासा पळू शकत नाही आणि गस्तीनौकाही पोहोचू शकत नाही. कर्नाटकातल्या मलपीचे हायस्पीड ट्रॉलर हा मालवणच्या मच्छीमाराचा जुना शत्रू. तो रात्री आत घुसतो, गिलनेटवाल्यांची जाळी तोडून नेतो आणि उजाडण्यापूर्वी हद्दीबाहेर असतो.

तरीही हा सगळा दोष चीनच्या माथी मारणे मला पटत नाही. दिवा शेनझेनचा असेल, त्याची कळ दाबणारा हात रत्नागिरीचा, गोव्याचा, मलपीचा आहे, आणि आता थोडाफार सिंधुदुर्गाचाही. अनेक बोटींत पैसा आहे तो ज्यांनी आयुष्यात कधी वल्हे धरले नाही अशांचा. खलाशी नेपाळचे. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात आचऱ्यापासून निवतीपर्यंत जे संघर्ष झाले त्यांत दोन्ही बाजूंना एकाच समाजाची, कधी एकाच आडनावाची माणसे होती. चीनकडे बोट दाखवले की या भांडणातून सुटका होते. म्हणूनच ते बोट दाखवणे इतके लोकप्रिय.

कायदे नाहीत असेही नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्याच वयाचा. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने पर्ससीनवर आदेश काढला. परवाने ४९४ वरून टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे, आणि मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने एलईडी आणि बुल ट्रॉलिंग (दोन बोटींनी मिळून एक जाळे ओढणे) दोन्हींवर देशाच्या सगळ्या सागरी आर्थिक क्षेत्रात बंदी घातली. राज्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने एलईडीसाठी ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत दंड आला. जानेवारी २०२५ पासून टेहळणीचे ड्रोन उडू लागले. मत्स्य खात्याचे मंत्री तेव्हा याच जिल्ह्यातले होते. कागदावर बघितले तर दिवा लागायलाच नको. पण राज्याची हद्द बारा सागरी मैलांपर्यंत. त्याच्या पुढे केंद्र. दिवे लागतात ते बहुतेक त्या रेषेच्या आसपास. कोणी आले तर अलीकडे-पलीकडे व्हायला बोटीला किती वेळ लागणार? दिव्याच्या बोटीत जाळे नसते, जाळ्याच्या बोटीत दिवा नसतो. पकडले तर गुन्हा कोणाचा, यावरच सुनावणी अडते.

मासा हा चीनने सिंधुदुर्गातून उचललेला पहिला माल नव्हे. त्याआधी माती गेली. वेंगुर्ले तालुक्यात, तेरेखोलच्या तोंडाजवळ रेडी आहे. जुनी लोहखाण आणि शेजारीच बंदर. १९७६ मध्ये खाणीच्याच परिसरात द्विभुज गणपतीची मूर्ती सापडली आणि गाव खाणीपेक्षा देवळासाठी ओळखले जाऊ लागले. या भागातले आणि गोव्याचे खनिज आधी जपानला जायचे. त्यात लोहाचे प्रमाण कमी. मोठ्या पोलाद कारखान्यांना ते नकोसेच. पण २००३ मध्ये चीन जपानला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा लोहखनिज आयातदार झाला आणि हलक्या मातीलाही सोन्याचे दिवस आले. २००० साली पावणेतेरा कोटी टन पोलाद ओतणारा देश २००८ च्या ऑलिंपिकपर्यंत पन्नास कोटींवर गेला, २०२० मध्ये शंभर कोटींच्या वर. त्या काळात सावंतवाडी-दोडामार्गच्या डोंगरांवर खाणींच्या प्रस्तावांची रीघ लागली. कळणेची खाण विरोध डावलून सुरू झाली, लाल धुळीने काजूची पाने माखली. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात नव्या खाणींच्या मंजुऱ्या रोखल्या. पश्चिम घाटाबद्दलच्या माधव गाडगीळ समितीने वर्षभराने, ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला आणि त्यावर या दोन जिल्ह्यांतही आरडाओरडा झाला. ‘विकासविरोधी’ हे विशेषण तेव्हा गावोगाव पोहोचले, मूळ अहवाल मात्र फारसा कुणाच्या हाती आला नाही. जुलै २०२१ च्या पावसात कळणेच्या खाणीचा बांध फुटला आणि चिखल शेतांत, घरांत शिरला. त्याच वर्षी चीनमध्ये एव्हरग्रांद नावाची घरबांधणी कंपनी कर्ज फेडू शकली नाही आणि तिथल्या रिकाम्या इमारतींच्या बातम्या येऊ लागल्या. कोकणातली किती माती त्या रिकाम्या मजल्यांत अडकली असेल, याचा हिशेब कुणी मांडणार नाही.

मातीच्या आणि माशाच्या व्यवहारात एक फरक आहे. डोंगर एका जागी उभा असतो. गाव त्याच्यापुढे आडवे पडू शकते, ग्रामसभेचा ठराव करू शकते, न्यायालयात जाऊ शकते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या २५ गावांबाबत मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर करण्याचे निर्देश दिले, ते अशाच लांबलेल्या याचिकेवर. मासा कुणाच्याच सातबाऱ्यावर नसतो. तो दांडीला येईपर्यंत गाबतांचा नाही आणि जाळ्यात पडला की व्यापाऱ्याचा. समुद्रात किती मासा उरला हे मोजणारी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आहे, पण तिचे आकडे उतरलेल्या मासळीचे. न आलेल्या बांगड्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

चिनी भूक काही प्राण्यांसाठी तर फारच वाईट ठरली. मोरीचे पर, म्हणजे शार्कचे पंख, वर्षानुवर्षे इथून हाँगकाँगकडे जात. आपण मोरीचे सुके करून खाल्ले, पंखांचे पैसे व्यापाऱ्याने खाल्ले. फेब्रुवारी २०१५ मध्ये भारताने शार्कच्या पंखांची निर्यात बंद केली. त्याच्या थोडे आधी चीननेही सरकारी मेजवान्यांतून शार्कच्या पंखांचे सूप हद्दपार केले होते. भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत माशालाही जीवदान मिळते, असे क्वचित होते. घोळ माशाच्या भोताचे, म्हणजे त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचे, मात्र अजून तसेच आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे गावातल्या एका बोटीला एका फेरीत दीडशेहून जास्त घोळ मिळाले आणि माल १ कोटी ३३ लाखांना गेला. ती बातमी देशभर फिरली. भोताला एवढी किंमत का, तर चीनच्या स्वतःच्या समुद्रातला सर्वांत मौल्यवान भोताचा ढोमा जवळजवळ नामशेष झाला म्हणून. आपली लॉटरी लागली ती त्यांचे संपले म्हणून, हे त्या बातमीत कुणी छापले नाही.

४ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीसाठी नवे नियम काढले. बारा मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक आणि मोठ्या बोटींना आता प्रवेशपास लागेल, तो ऑनलाइन मिळेल, पारंपरिक होड्यांना त्यातून सूट. सहकारी संस्थांना आणि मच्छीमारांच्या उत्पादक संघांना प्राधान्य आहे. एलईडी, पेअर ट्रॉलिंग, बुल ट्रॉलिंग यांवरची बंदी पुन्हा एकदा लिहिली आहे. मालाचा उगम दाखवता आला तर परदेशी बाजारात भाव चांगला मिळेल, असेही त्यामागचे गणित आहे, आणि ते चुकीचे नाही. युरोपला असा दाखला लागतो. चीनला अजून फारसा लागत नाही. म्हणजे दिव्याखाली पकडलेल्या म्हाकुलाला सगळ्यात मोठे गिऱ्हाईक उरते ते नेमके न विचारणारे. मालवणच्या मच्छीमार संघटनांची मागणी याहून साधी आहे. पास कुणाला दिला त्याची यादी बंदरावर लावा, बोटीवर जनरेटर किती क्षमतेचा आहे हे सुटायच्या आधी धक्क्यावरच तपासा, आणि बाहेरच्या राज्याची बोट असेल तर तिच्या बंदरालाही दंड लावा. समुद्रात पाठलाग करून सापडत नाही ते धक्क्यावर उभे असते. जनरेटर काही खिशात लपवता येत नाही.